हायर-स्पिन गेज फील्ड: तीन कणांपर्यंत सगळं जुळतं, मग चौथ्याला काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रॉन्सडालने १९७८ मध्येच कुठल्याही पूर्णांक स्पिनच्या मासलेस (वस्तुमान नसलेल्या) फील्डची फ्री ॲक्शन (इंटरॅक्शन नसताना फील्ड कसं वागतं ते ठरवणारं सूत्र) लिहून दिली, तीन फील्डच्या इंटरॅक्शनचे व्हर्टेक्सही (ॲक्शनमधली तीन फील्डच्या गुणाकाराची पदं) लोकांनी शोधून वर्गवारी करून ठेवलेत, तरी सगळीकडे "स्पिन २ च्या वरचे मासलेस कण इंटरॅक्ट करत नाहीत" असं का वाचायला मिळतं, आणि ते खरं असेल तर वासिलिएव्हची थिअरी (जिच्यात सगळ्या स्पिनची मासलेस फील्ड एकत्र इंटरॅक्ट करतात) उभी कशी राहते?

सरळ उत्तर आधी देतो. ते वाक्य अर्धवट आहे. तीन कणांपर्यंत, म्हणजे क्युबिक ऑर्डरला, फारसं काही अडत नाही, व्हर्टेक्स खरंच आहेत आणि बरेच आहेत. अडतं ते क्वार्टिक ऑर्डरला, चौथा कण आला की. आणि तिथून पुढे जायचं तर काहीतरी सोडावं लागतं: फील्डची संख्या मर्यादित असावी हा आग्रह, सपाट स्पेसटाइम, किंवा लोकॅलिटी (इंटरॅक्शन एकाच बिंदूवर, मर्यादित डेरिव्हेटिव्हने होतं ही अट), बऱ्याचदा यातल्या एकाहून जास्त गोष्टी. या विषयात इतकी वर्षं लोक जे झगडतायत ते याच ठिकाणी, आणि नो-गो थिअरम (अमुक गोष्ट शक्य नाही असं सिद्ध करणारे) वाचताना कुठला थिअरम नेमकं काय बंद करतो हे वेगवेगळं ठेवलं नाही तर सगळा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा गेज सिमेट्री इथे काय काम करते ते बघा. गेज सिमेट्री म्हणजे फील्ड ठरावीक पद्धतीने बदललं तरी भौतिकशास्त्र तेच राहतं, आणि तो बदल सांगणारं मोकळं फंक्शन म्हणजे गेज पॅरामीटर. चार डायमेन्शनमध्ये फोटॉनच्या पोटेन्शियलला ४ कंपोनंट, गेज पॅरामीटर १, आणि प्रत्येक गेज पॅरामीटर दोनदा मारतो (एकदा कन्स्ट्रेंट म्हणून, एकदा गेज फिक्सिंग म्हणून), म्हणून ४ वजा २, उरले २. ग्रॅव्हिटॉन: १० कंपोनंट, ४ पॅरामीटर, १० वजा ८, पुन्हा २. स्पिन ३: सिमेट्रिक तीन इंडेक्सचा टेन्सर, २० कंपोनंट, पॅरामीटर दोन इंडेक्सचा पण ट्रेसलेस (दोन इंडेक्स जोडून घेतलेली बेरीज शून्य), म्हणजे ९, आणि २० वजा १८ परत २. स्पिन ४ ला फील्डवर डबल-ट्रेसलेस (दोनदा ट्रेस घेतला की शून्य) ही अट लागते म्हणून ३५ मधला एक जाऊन ३४, पॅरामीटर १६, उत्तर तेच, २. हे दोन म्हणजे प्लस आणि मायनस हेलिसिटी (गतीच्या दिशेने मोजलेला स्पिन). फ्रॉन्सडालच्या त्या विचित्र वाटणाऱ्या ट्रेसच्या अटी कुठून आल्या असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब एकदा हाताने करावा, त्या अटी नसतील तर गणित जुळत नाही.

आता इंटरॅक्शन घातलं आणि गेज सिमेट्री मोडली तर काय होईल? जे कंपोनंट मारले होते ते परत जिवंत होतात, आणि त्यातल्या काहींची कायनेटिक एनर्जी निगेटिव्ह असते. म्हणजे थिअरी "थोडीशी बिघडली" असा प्रकार नसतो, प्रोबॅबिलिटीच निगेटिव्ह येते. म्हणून नियम एकच: सिमेट्री बदलली तरी चालेल (यांग-मिल्स आणि आइन्स्टाइन दोन्हीकडे ती बदलतेच), पण पॅरामीटरची संख्या तेवढीच राहिली पाहिजे.

आता नो-गो. सगळ्यात जुना आणि सगळ्यात पारदर्शक म्हणजे वाइनबर्गचा १९६४ चा. कुठल्याही स्कॅटरिंगमध्ये बाहेरच्या एखाद्या पायातून (डायग्रॅममधली आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या कणाची रेषा) अगदी कमी मोमेंटमचा, म्हणजे सॉफ्ट, मासलेस स्पिन एस कण बाहेर पडला असं धरा. प्रत्येक पायाचं योगदान म्हणजे त्या पायाचं कपलिंग (इंटरॅक्शनची ताकद), गुणिले त्या पायाचा मोमेंटम एस वेळा (पोलरायझेशन टेन्सरशी जोडलेला), भागिले पायाचा मोमेंटम डॉट सॉफ्ट मोमेंटम. गेज इन्व्हेरियन्स म्हणते की पोलरायझेशनमधल्या एका इंडेक्सच्या जागी सॉफ्ट मोमेंटम ठेवला तर एकूण उत्तर शून्य आलं पाहिजे. तसं केलं की वरचा एक डॉट प्रॉडक्ट खालच्या डॉट प्रॉडक्टशी कटतो आणि अट उरते ती अशी: कपलिंग गुणिले मोमेंटम, एस वजा एक वेळा, याची बेरीज आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या कणांसाठी सारखी हवी.

स्पिन १ ला मोमेंटम शून्य वेळा येतो, म्हणजे नुसत्या कपलिंगची बेरीज टिकली पाहिजे, हे चार्ज कॉन्झर्व्हेशन. स्पिन २ ला एकदा येतो, आणि मोमेंटम तर आधीच कॉन्झर्व्ह होतोय, त्यामुळे सगळ्यांचं कपलिंग एकच असेल तर अट आपोआप पाळली जाते, हे इक्विव्हॅलन्स प्रिन्सिपल. आइन्स्टाइनला जे गृहीत धरावं लागलं ते इथे उत्तर म्हणून मिळतं, मला आजही हे फार सुंदर वाटतं.

स्पिन ३ ला मोमेंटम दोनदा. सारख्या मासचे दोन कण सेंटर-ऑफ-मास फ्रेममध्ये झेड अक्षावरून समोरासमोर येतात आणि थीटा कोनात एक्स-झेड प्रतलात विखुरतात असं घ्या. वेळ-वेळ कंपोनंट सांगतो की आतल्या दोन कपलिंगची बेरीज आणि बाहेरच्या दोघांची बेरीज सारखी. एक्स-एक्स कंपोनंट सांगतो की बाहेरच्या बेरजेला साइन स्क्वेअर थीटाने गुणलं तर शून्य. म्हणजे एक तर थीटा शून्य किंवा १८० अंश, नाहीतर बेरीज शून्य. बेरीज शून्य घेतली तर वेळ-एक्स कंपोनंट बाहेरच्या दोन कपलिंगमधला फरकही शून्य करतो आणि वेळ-झेड कंपोनंट आतल्या दोघांमधला. सगळी कपलिंग शून्य. चार ओळींचं गणित आहे, करून बघा. १९६७ चा कोलमन-मँडुला थिअरम जी गोष्ट सिमेट्रीच्या भाषेत सांगतो त्याचा गाभा इथेच दिसतो: इतक्या जास्त राशी कॉन्झर्व्ह होतात की कणांना कोन बदलायला जागाच उरत नाही.

पण इथे थांबून हा थिअरम काय म्हणत नाही ते बघा, कारण निम्म्या लोकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. वाइनबर्ग फक्त त्या कपलिंगबद्दल बोलतो जे सॉफ्ट लिमिटमध्ये टिकतं, म्हणजे जे लांब पल्ल्याचं बल देतं. जास्त डेरिव्हेटिव्ह असलेला व्हर्टेक्स सॉफ्ट लिमिटमध्ये स्वतःच शून्याकडे जातो, त्याला ही अट लागूच होत नाही. तेव्हा बरोबर वाक्य असं: स्पिन ३ किंवा वरचं मासलेस फील्ड सपाट स्पेसटाइममध्ये लांब पल्ल्याचं बल देऊ शकत नाही. "इंटरॅक्ट करत नाही" हे त्यातून निघत नाही.

दुसरा महत्त्वाचा अडथळा अरागोन आणि डेझर यांचा, १९७९ चा. ग्रॅव्हिटी सगळ्यांशी जोडली गेली पाहिजे, मग हायर-स्पिन फील्डच्या ॲक्शनमध्ये साधा डेरिव्हेटिव्ह काढून कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह ठेवला, सगळे असंच करतात. गेज व्हेरिएशन घेतलं की दोन कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्हचा कम्युटेटर (उलटसुलट क्रमाने लावल्यावर उरणारा फरक) येतो आणि त्यातून रीमान टेन्सर, म्हणजे वक्रतेचं माप. स्पिन ३/२ ला नशीब चांगलं असतं, तिथे इंडेक्स असे जुळतात की फक्त रिची टेन्सर उरतो, रिची म्हणजे आइन्स्टाइनच्या फील्ड इक्वेशनचाच भाग, आणि जे फील्ड इक्वेशनच्या प्रमाणात असतं ते ग्रॅव्हिटॉनचं ट्रान्सफॉर्मेशन थोडं बदलून शोषून घेता येतं. यातूनच १९७६ ची सुपरग्रॅव्हिटी उभी राहते. स्पिन ५/२ ला मात्र वाइल टेन्सर उरतो, आणि वाइल टेन्सर कुठल्याच फील्ड इक्वेशनने शून्य होत नाही, रिकाम्या जागेतही तो असतो (ग्रॅव्हिटेशनल वेव्ह म्हणजे तोच). तो शोषायला जागा नाही. १९८० चा वाइनबर्ग-विटन थिअरम आणि पोराटीने २००८ मध्ये केलेलं त्याचं विस्तारित रूप हेच वेगळ्या बाजूने पक्कं करतात, त्यात फार खोल जात नाही.

आता क्युबिक व्हर्टेक्स. एवढं सगळं असूनही १९८३ मध्ये बेंगट्सन बंधू आणि ब्रिंक यांनी लाइट-कोन गेजमध्ये (फक्त खऱ्या हेलिसिटी ठेवून हिशोब करायची पद्धत) हायर-स्पिनचे क्युबिक व्हर्टेक्स काढले, आणि पुढच्याच वर्षी बेरेंड्स, बर्गर्स आणि व्हॅन डाम यांनी स्पिन ३ चा तीन डेरिव्हेटिव्हवाला कोव्हेरियंट व्हर्टेक्स दिला. पद्धत नॉयथर प्रोसीजरची: ॲक्शन आणि गेज ट्रान्सफॉर्मेशन दोन्ही कपलिंगच्या घातांमध्ये उलगडायचे आणि प्रत्येक ऑर्डरला व्हेरिएशन शून्य व्हायला हवं अशी मागणी करायची. पहिल्या ऑर्डरची अट सोपी आहे, कारण ती लीनियर आहे: क्युबिक ॲक्शनचं जुन्या ट्रान्सफॉर्मेशनखालचं व्हेरिएशन फ्री फील्ड इक्वेशन लावल्यावर शून्य व्हावं, बस. लीनियर अट म्हणजे दोन उत्तरांची बेरीजही उत्तर, वेगवेगळे व्हर्टेक्स एकमेकांशी बोलतच नाहीत. म्हणूनच तिथे इतकी मोकळीक मिळते, आणि म्हणूनच क्युबिक व्हर्टेक्स सापडला म्हणून फार आनंद मानू नये.

यादी पण बघण्यासारखी आहे. मेत्साएव्हच्या वर्गवारीनुसार तीन मासलेस स्पिनच्या व्हर्टेक्समध्ये डेरिव्हेटिव्ह जास्तीत जास्त तिन्ही स्पिनच्या बेरजेइतके, कमीत कमी त्या बेरजेतून सगळ्यात लहान स्पिनची दुप्पट वजा करून, आणि मधले दोन-दोनच्या अंतराने. चार डायमेन्शनमध्ये मधले सगळे गळतात, फक्त दोन टोकं राहतात. ग्रॅव्हिटीवर लावून बघा: २-२-२ साठी २, ४, ६. दोन म्हणजे आइन्स्टाइन, सहा म्हणजे रीमान क्यूब, चार म्हणजे गाउस-बॉने जो चार डायमेन्शनमध्ये गळतो. बरोबर आलं. ३-३-३ साठी ३, ५, ७, ९, आणि तीनवाला व्हर्टेक्स तेव्हाच जगतो जेव्हा स्पिन ३ च्या फील्डला आणखी एक इंडेक्स असतो आणि कपलिंग त्यात पूर्ण अँटिसिमेट्रिक असतं, यांग-मिल्ससारखं.

आता तोच नियम २-३-३ ला लावा, म्हणजे ग्रॅव्हिटॉन आणि दोन स्पिन ३. बेरीज ८, लहान स्पिनची दुप्पट ४, तेव्हा यादी ४, ६, ८. इक्विव्हॅलन्स प्रिन्सिपलला हवा असलेला दोन डेरिव्हेटिव्हवाला व्हर्टेक्स यादीतच नाही! अरागोन-डेझरना वाइल टेन्सर जो नडला तोच इथे अंकगणितातून दिसतो. कुठल्याही एस साठी २-एस-एस ला कमीत कमी २ एस वजा २ डेरिव्हेटिव्ह लागतात, आणि ते दोन असायला एस दोनपेक्षा मोठा असून चालत नाही. माझ्या मते या विषयाची अडचण कुणाला एका ओळीत सांगायची असेल तर ही ओळ सांगावी, बाकी सगळं यातून उलगडत जातं.

एक बारकावा मात्र आहे. लाइट-कोनमध्ये चार डायमेन्शनला यादी थोडी मोठी निघते, कारण तिथे फक्त हेलिसिटीची बेरीज बघितली जाते, आणि प्लस २, प्लस एस, मायनस एस अशी निवड केली तर बेरीज दोन, म्हणजे दोन डेरिव्हेटिव्ह चालतात. फ्रॉन्सडालच्या फील्डमध्ये हा व्हर्टेक्स लोकल रूपात लिहिता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

आता क्वार्टिक. इथे अट क्वाड्रॅटिक होते: बदललेल्या ट्रान्सफॉर्मेशनखाली क्युबिक ॲक्शनचं व्हेरिएशन कुठल्यातरी लोकल क्वार्टिक ॲक्शनने आणि ट्रान्सफॉर्मेशनच्या पुढच्या दुरुस्तीने भरून निघालं पाहिजे. आता व्हर्टेक्स एकमेकांशी बोलायला लागतात. यांग-मिल्समध्ये याच पायरीवर याकोबी आयडेंटिटी (ली अल्जिब्राच्या कम्युटेटरने पाळायची अट) मिळते. स्पिन ३ ला काय होतं ते दाखवायला मला ॲम्प्लिट्यूडचा (स्कॅटरिंगची प्रोबॅबिलिटी जिच्यातून निघते ती राशी) रस्ता जास्त आवडतो कारण तो नुसता मोजणीचा आहे.

चार सारखे स्पिन एस कण घ्या, दोन प्लस आणि दोन मायनस हेलिसिटीचे, आणि एस डेरिव्हेटिव्हचा व्हर्टेक्स. दोन व्हर्टेक्स आणि मध्ये एक प्रोपागेटर (दोघांना जोडणारी मधल्या कणाची रेषा, तिची घात वजा दोन), तेव्हा एकूण मोमेंटमची घात २ एस वजा २. दुसरीकडे हेलिसिटीमुळे अंश आधीच ठरलेला असतो, स्पायनर प्रॉडक्टच्या रूपात, आणि त्याची घात ४ एस. मग छेदात फरक भरून काढायला २ एस अधिक २ घात पाहिजे, आणि एस, टी, यू या प्रत्येक मँडलस्टॅम राशीची (दोन कणांच्या एकूण मोमेंटमचा वर्ग, प्रत्येक चॅनलला एक) घात दोन, म्हणजे छेदात स्पिन अधिक एक इतके घटक. (मँडलस्टॅमचा एस आणि स्पिनचा एस वेगळे, माफ करा, अक्षर एकच पडतं.) स्पिन १: छेदात दोन घटक. यांग-मिल्सचं उत्तर अगदी तसंच दिसतं, छेदात एस आणि टी. स्पिन २: तीन घटक, एस, टी, यू, तिन्ही चॅनल वापरून झाले, आणि ग्रॅव्हिटॉनचं चार-कणांचं ॲम्प्लिट्यूड खरंच तसं आहे. स्पिन ३: चार घटक लागतात, आणि चॅनल तीनच! म्हणजे कुठेतरी डबल पोल (छेदात तोच घटक दोनदा) येणार, आणि ट्री पातळीवर (लूप नसलेल्या डायग्रॅममध्ये) एका कणाच्या देवाणघेवाणीतून डबल पोल येत नाही. संपलं. ग्रॅव्हिटी ही या हिशोबात काठावर बसलेली थिअरी आहे, तिच्यापुढे जागा शिल्लक नाही. बेनिनकासा आणि काशाझो यांनी २००७ मध्ये चार-कणांची चाचणी नीट मांडली, त्यातून स्पिन १ साठी ली अल्जिब्रा आणि स्पिन २ साठी एकमेकांशी न बोलणारे ग्रॅव्हिटॉन आपोआप बाहेर पडतात.

यातून सुटणारे काही व्हर्टेक्स आहेत हेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त डेरिव्हेटिव्हवाला, ३-३-३ साठी नऊवाला, हा तीन लीनियर कर्व्हेचरचा गुणाकार असतो. तो जुन्या सिमेट्रीखालीच इन्व्हेरियंट आहे, सिमेट्री बदलतच नाही, म्हणून त्याला क्वार्टिकची भीती नाही. तेव्हा "सपाट जागेत कुठलंच इंटरॅक्शन शक्य नाही" हे शब्दशः चूक आहे. पण असा व्हर्टेक्स नॉन-अबेलियन काही देत नाही, तो इफेक्टिव्ह थिअरीतल्या दुरुस्तीसारखा आहे, आणि हाय एनर्जीला त्याचं वागणं चांगलं नसतं. खरी ओढ आहे ती सिमेट्री बदलणाऱ्या व्हर्टेक्सची.

मग नवीन फील्ड घालून मदत होते का? बेरेंड्स, बर्गर्स आणि व्हॅन डाम यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की एकट्या स्पिन ३ ने अल्जिब्रा बंद होत नाही. हायर-स्पिन अल्जिब्रामध्ये नियम असा की दोन जनरेटरच्या कम्युटेटरमध्ये सगळ्यात मोठा स्पिन येतो तो दोघांची बेरीज वजा २. स्पिन २ आणि २: उत्तर २, म्हणून ग्रॅव्हिटी स्वतःतच बंद होते. ३ आणि ३: उत्तर ४ (आणि खाली २). ४ आणि ४: उत्तर ६. एकदा तीनला हात लावला की शिडी वर वर जातच राहते, आणि मधे कुठे कापता येत नाही. म्हणून चार डायमेन्शनमध्ये टॉवर (वाढत्या स्पिनच्या फील्डची रांग) अनंत असावाच लागतो. तीन डायमेन्शनमध्ये मात्र हे कापता येतं, तिथे चर्न-सायमन्स थिअरी वापरून स्पिन २ पासून एन पर्यंत मर्यादित फील्ड चालतात, पण तिथे या फील्डना स्वतःचे चालणारे कण नसतात, त्यामुळे सोपेपणाचं कारणही तेच आहे. शिकायला उत्तम, पण तिथल्या उत्तरावरून चार डायमेन्शनबद्दल अंदाज बांधू नका.

आता वासिलिएव्ह. किल्ली १९८७ च्या फ्रादकिन-वासिलिएव्हच्या कामात आहे: सपाट जागा सोडा, कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट शून्य नसलेली अँटी-डी सिटर जागा (सगळीकडे सारखीच निगेटिव्ह वक्रता असलेली) घ्या. तिथे नेमकं काय बदलतं? दोन कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्हचा कम्युटेटर रिकाम्या जागेतही शून्य नसतो, लॅम्डाच्या (म्हणजे त्याच कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंटच्या) प्रमाणात असतो. म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या दोन घाती खर्च करून एक लॅम्डा मिळतो. तेव्हा २-३-३ साठी दोन डेरिव्हेटिव्हचा मिनिमल व्हर्टेक्स ठेवा, त्याला चार डेरिव्हेटिव्हवाला व्हर्टेक्स एक भागिले लॅम्डा या गुणकाने जोडा. दुसऱ्याच्या व्हेरिएशनमध्ये कम्युटेटरमधून एक लॅम्डा निघतो, खालच्या लॅम्डाशी कटतो, आणि उरतो तो वाइल टेन्सरवाला तुकडा जो पहिल्याच्या व्हेरिएशनमधल्या वाइल टेन्सरला बरोबर मारतो. अरागोन-डेझरची अडचण गेली! आणि ती का गेली तेही दिसतं: लॅम्डा भागाकारात आहे, म्हणून लॅम्डा शून्याकडे नेला की हे सगळं फुटतं. नीट स्केलिंग करून सपाट लिमिट घेतली तर चार डेरिव्हेटिव्हवालाच व्हर्टेक्स उरतो, तोच जो मेत्साएव्हच्या यादीत होता. बुलांजे, लेक्लेर्क आणि सुंडेल यांनी २००८ मध्ये हे जोडकाम व्यवस्थित दाखवलं. म्हणजे नो-गो आणि यस-गो एकमेकांच्या विरोधात नाहीतच, एकाच गणिताची दोन टोकं आहेत.

शिवाय अँटी-डी सिटरमध्ये अनंतातून येणारे आणि अनंतात जाणारे मोकळे कण नसतात, एस-मॅट्रिक्स (आत येणाऱ्या कणांवरून बाहेर जाणारे कण सांगणारा तक्ता) नसतो, त्यामुळे वाइनबर्ग आणि कोलमन-मँडुला यांचं गृहीतकच तिथे लागू नाही. १९९० मध्ये वासिलिएव्हने सगळ्या स्पिनसाठी एकत्र, सगळ्या ऑर्डरपर्यंत गेज सिमेट्री पाळणारी इक्वेशन दिली. त्यांचं सौंदर्य वादातीत आहे, पण ती इक्वेशन नेहमीच्या फील्डमध्ये उलगडताना कुठले फील्ड रीडेफिनिशन (जुन्या फील्डच्या जागी त्यांच्यापासूनच बनवलेली नवीन फील्ड घेणं) चालतात हा प्रश्न लगेच उभा राहतो.

आणि इथेच होलोग्राफी (आतली ग्रॅव्हिटीची थिअरी आणि सीमेवरची ग्रॅव्हिटी नसलेली थिअरी एकच, ही कल्पना) येते. २००२ मध्ये क्लेबानोव्ह आणि पॉल्याकोव्ह यांनी सुचवलं की चार डायमेन्शनच्या हायर-स्पिन थिअरीची सीमेवरची जोडी म्हणजे तीन डायमेन्शनचं ओ-एन व्हेक्टर मॉडेल (एन स्केलर फील्डचं). फ्री स्केलर फील्डना प्रत्येक सम स्पिनचा एक कॉन्झर्व्ह्ड करंट असतो, आणि सीमेवरचा प्रत्येक कॉन्झर्व्ह्ड करंट म्हणजे आत एक गेज फील्ड. गिओम्बी आणि यिन यांनी काही वर्षांनी तीन-पॉइंट फंक्शन (तीन करंटचा एकमेकांशी संबंध मोजणारी कोरिलेशन फंक्शन) तपासून या कल्पनेला बळ दिलं. मग २०११ मध्ये माल्दासेना आणि झिबोएदोव्ह यांनी दाखवलं की तीन डायमेन्शनच्या कॉन्फॉर्मल (मोजपट्टी बदलली तरी तशीच राहणाऱ्या) थिअरीत दोनपेक्षा मोठ्या स्पिनचा एक जरी अचूक कॉन्झर्व्ह्ड करंट असला (आणि स्ट्रेस टेन्सर एकच असला), तर त्या करंटची सगळी कोरिलेशन फंक्शन फ्री थिअरीचीच असतात. हा कोलमन-मँडुलाचा अँटी-डी सिटरमधला भाऊ. सपाट जागेत "एस-मॅट्रिक्स एक" (म्हणजे काहीच विखुरत नाही) असं येतं, इथे "सीमेवर फ्री थिअरी" असं येतं. कोणी विचारेल की मग आत तरी इंटरॅक्शन कशाला म्हणायचं? म्हणायचं, कारण फ्री थिअरीतही करंटची तीन-पॉइंट, चार-पॉइंट फंक्शन शून्य नसतात, आणि ती आतल्या व्हर्टेक्समधूनच येतात.

मग लोकांनी उलटा प्रवास केला: सीमेवरची कोरिलेशन फंक्शन माहीत आहेत, त्यावरून आतला क्वार्टिक व्हर्टेक्स काढा. बेकार्ट, एर्डमेंगर, पोनोमारेव्ह आणि स्लाइट यांनी २०१५ मध्ये स्केलरचा क्वार्टिक व्हर्टेक्स काढला, आणि स्लाइट आणि तारोन्ना यांच्या २०१७ च्या विश्लेषणात दिसलं की तो साध्या अर्थाने लोकल नाही, त्याची नॉन-लोकॅलिटी एका कणाच्या एक्स्चेंज डायग्रॅमइतकीच तीव्र आहे. याचा अर्थ गंभीर आहे. बार्निश आणि हेनो यांनी १९९३ मध्ये नॉयथर प्रोसीजरला कोहोमॉलॉजीच्या भाषेत मांडलं तेव्हापासून हे स्पष्ट आहे की लोकॅलिटीची अट काढून टाकली तर प्रोसीजर कुठल्याच क्युबिक व्हर्टेक्सला अडवत नाही, काहीही पुढे नेता येतं. म्हणजे नॉन-लोकल व्हर्टेक्स चालेल म्हटलं की थिअरी ठरवणारी अटच हातातून जाते. म्हणून माझं ठाम मत आहे की आज या विषयातला खरा उघडा प्रश्न "नवीन व्हर्टेक्स शोधा" हा नाही, "लोकॅलिटीच्या जागी कुठली अट ठेवायची जी हायर-स्पिनला परवानगी देईल पण सगळ्यांनाच देणार नाही" हा आहे. वासिलिएव्हच्या इक्वेशनवर काम करणारे यासाठी लोकॅलिटीच्या सौम्य व्याख्या तपासतायत, ते काम चालू आहे.

सपाट जागेतही एक दार उघडं आहे, आणि ते मघाच्या लाइट-कोनच्या बारकाव्यातून. मेत्साएव्हने १९९१ च्या सुमारास क्वार्टिक अट लाइट-कोनमध्ये सोडवली आणि सगळी क्युबिक कपलिंग एका झटक्यात ठरली: तीन हेलिसिटींची बेरीज वजा एक, याच्या फॅक्टोरियलच्या व्यस्त प्रमाणात. २०१६-१७ मध्ये पोनोमारेव्ह आणि स्क्वोर्त्सोव्ह यांनी दाखवलं की फक्त पॉझिटिव्ह बेरजेचे व्हर्टेक्स ठेवले तर क्युबिकवरच थिअरी पूर्ण होते, क्वार्टिकची गरजच नाही, आणि ती लोकल आहे. हीच कायरल हायर-स्पिन ग्रॅव्हिटी. किंमत अशी की ॲक्शन रिअल नाही, त्यामुळे युनिटॅरिटी (सगळ्या प्रोबॅबिलिटींची बेरीज एक राहणं) नाही, आणि ट्री ॲम्प्लिट्यूड सगळी शून्य येतात, जे वाइनबर्गशी सुसंगतच आहे. तरी लोकल, अनंत टॉवरची, उदाहरण म्हणून हातात धरता येईल अशी थिअरी मिळाली ही मोठी गोष्ट आहे, आणि लूपमध्ये अनंत स्पिनची बेरीज अल्ट्राव्हायोलेट डायव्हर्जन्स कशी शमवते हे तिथे प्रत्यक्ष बघता येतं.

मासिव्ह कणांबद्दल थोडक्यात, कारण ते विचारलेलं नाही पण नेहमी मिसळलं जातं. मास असलेल्या हायर-स्पिनवर वरचे नो-गो लागत नाहीत, निसर्गात ते आहेतच: रो-३ (१६९०) हा स्पिन ३ चा मेसॉन, एफ-४ (२०५०) स्पिन ४ चा. ते कॉम्पोझिट आहेत आणि त्यांची इफेक्टिव्ह थिअरी ठरावीक एनर्जीपर्यंतच चालते. त्यांना स्वतःची दुखणी आहेत, उदाहरणार्थ १९६१ मध्ये जॉन्सन आणि सुदर्शन यांनी आणि १९६९ मध्ये वेलो आणि झ्वान्झिगर यांनी दाखवलं की चार्ज असलेल्या स्पिन ३/२ ला इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्डमध्ये ठेवलं की साधी मिनिमल कपलिंग बिघडते, प्रकाशापेक्षा वेगवान सिग्नल वगैरे. अलीकडे हा भाग पुन्हा गाजतोय तो फिरणाऱ्या ब्लॅक होलमुळे: लांबून बघितलं तर केर ब्लॅक होल खूप मोठ्या स्पिनच्या एका मासिव्ह कणासारखा वागतो, आणि त्याची ॲम्प्लिट्यूड ठरवायला मासिव्ह हायर-स्पिन गेज सिमेट्री वापरतात.

हाताने काय करून बघावं, तर माझा क्रम असा: आधी वरचा २० वजा १८ वाला हिशोब, मग वाइनबर्गच्या चार ओळी, मग चार-कणांची छेद मोजणी. हे एका दिवसात होतं. त्यानंतर थेट वासिलिएव्हच्या इक्वेशनमध्ये उडी मारू नका, तिथल्या मशिनरीत भौतिकशास्त्र दिसेनासं होतं. २-३-३ चा चार डेरिव्हेटिव्हवाला व्हर्टेक्स घ्या, आधी सपाट जागेत, फील्ड ट्रान्सव्हर्स आणि ट्रेसलेस धरून (म्हणजे पसारा दहा पटीने कमी होतो), गेज व्हेरिएशन शून्य होतं हे तपासा, ग्रॅव्हिटॉनच्या ट्रान्सफॉर्मेशनमध्ये पहिल्या ऑर्डरला काय भर पडते ती लिहून काढा. मग तेच अँटी-डी सिटरमध्ये करा आणि प्रत्येक कम्युटेटरमधून निघणारा लॅम्डा वेगळ्या रंगात लिहा, एक भागिले लॅम्डावाला तुकडा वाइल टेन्सरला कुठल्या ओळीत मारतो ते तुम्हाला स्वतःला सापडेल.